पेवाच्या खिडक्या

अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या सौमित्रने तिसऱ्यांदा शून्य दाबले आणि संगणक तिसऱ्यांदा ओरडला.

"आक्का, 'दारांची संख्या'मध्ये शून्य घेतच नाही तो."

"मग काय सांगू? पेव हाय ते. जमिनीत खांदलेलं. वरनं तोंड, आत हळद. त्याला दार कुठलं आलं?"

चंदनबालाआक्का खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या. हरिपूरची पेवे त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. नवऱ्यामागे त्यांनीच ती सांभाळली. यंदापासून साठवणुकीच्या परवान्याचा अर्ज पुण्याच्या एका कंपनीने विकलेल्या प्रोग्रामातूनच छापून द्यायचा होता. हाताने लिहिलेला कागद कचेरीत कोणी हातात धरीना. आठवड्यात परवाना आला नाही, तर तीस घरची हळद वर काढावी लागणार होती, आणि या दमट हवेत वर आलेल्या हळदीला कीड लागायला कितीसा वेळ!

सौमित्रने उंचीच्या रकान्यात उणे अठरा फूट घालून पाहिले. तेही बाद. पुण्याला फोन लावला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, गोदाम म्हटले की दार असणारच, नीट बघून भरा.

"एक दार, दोन खिडक्या टाकू? त्याच्याखाली तो उतरत नाही."

"खोटं व्हईल की रं."

"मग राहू द्या."

आक्का पडद्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनी मान हलवली, पण सौमित्रकडे बघितले नाही.

परवाना आला. खाली एक ओळ होती: नोंदीप्रमाणे बांधकाम तपासून परवाना कायम करण्यात येईल. ती वाचून आक्कांचे धाबे दणाणले. त्यांनी नाथाजी गवंड्याला बोलावून घेतले.

"भिंती किती उंच घ्यायच्या, आक्का?"

"भिंतीचं त्यांनी काय इचारलं न्हाई. दार आनी खिडक्या उभ्या कर."

नाथाजीने डोके खाजवले आणि कामाला लागला.

तपासनीस साताऱ्याहून नुकताच बदलून आला होता. पेव त्याने जन्मात पाहिले नव्हते. मोकळ्या जागेत एक दार उभे होते आणि बाजूला दोन खिडक्या, पलीकडे सरळ नदीकाठची झाडे. त्याने कागद पाहिला, दार पाहिले, पुन्हा कागद पाहिला. एक खिडकी उघडून लावली.

"हळद कुठे आहे?"

"तुमच्या पायाखाली, सायेब."

तो चटकन बाजूला झाला.

"मग हे दार कशाला?"

"तुमच्या कागदासाटनं. मला लाज वाटती, सायेब. पन लोकांची हळद हाय."

कागदावरचे रकाने त्याने वरून खाली दोनदा वाचले. मग दार एक, खिडक्या दोन, अशा खुणा करून खाली सही केली.

जीप दाराच्या पलीकडे उभी होती. चारी बाजू मोकळ्या असूनही तो दारातूनच बाहेर पडला, आणि जाताना त्याने ते हलकेच ओढून घेतले.