तांदळात लिहिलेलं नाव

यंदा नवमी रविवारी आली, तिथेच सगळा घोळ झाला. एरवी पितृपक्षातली अविधवा नवमी आली की जमुनाबाई नातीला डबा देऊन शाळेत पिटाळत आणि मग निवांत आकांक्षाचं पान वाढत. आकांक्षा म्हणजे नितेशची पहिली बायको. सहा वर्षांपूर्वी डेंगूने गेली, तेव्हा अदिती दीड वर्षाची होती. सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी जिवंत सवाष्णीला पाटावर बसवायचं, जेवू घालायचं, ओटी भरायची, अशी रीत. नितेश नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात कामाला होता. सुटी असल्यामुळे तो सोवळं नेसून तयार होता, आणि अदितीला सकाळीच शेजारी खेळायला धाडलं होतं.

स्वयंपाकघरात नितेशची दुसरी बायको उडदाचे वडे तळत होती. तिचंही नाव आकांक्षा.

म्हणजे ते तिला ठेवलेलं होतं. अकोल्याच्या खुशालरावांनी लेकीचं नाव पौर्णिमा ठेवलं होतं. त्याच नावाने ती शिकली, डी.एड. झाली, दोन वर्षं एका शाळेत शिकवतही होती. पाच वर्षांपूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरले, नितेशने अंगठीने त्यात नाव लिहिलं, पेढे फिरले, आणि आपण आकांक्षा झालो हे तिला तेव्हा कळलं. पोरीला आई मेल्याचं कळायला नको, असं जमुनाबाईंचं म्हणणं होतं. नाव तेच, हाक तीच, एवढ्याशा लेकराला काय समजतंय. पाहुण्यांनी त्या शहाणपणाचं काय कौतुक केलं. मेलीचे फोटो ट्रंकेत गेले. जितीचं खरं नाव आधार कार्डावर उरलं आणि ते कार्ड सासूबाईंच्या कपाटात गेलं.

हेही तिने गिळलं असतं. पण पहिल्याच दिवाळीत खुशालरावांनी फोनवर तिला आकांक्षा म्हणून हाक मारली. जावयाकडच्यांना बरं वाटावं, एवढाच बिचाऱ्यांचा हेतू. फोन ठेवून ती न्हाणीघरात जाऊन रडली होती.

अकरा वाजता कमलाकांत महाराज आले. हेच महाराज लग्नालाही होते. पाटावर बसायला बडनेऱ्याची माणिकबाई यायची होती, पण तिच्याकडे सुतक आल्याचा फोन आला. महाराजांना पुढे दोन घरं होती. जमुनाबाईंनी जरा विचार केला आणि सुनेला हात धुवून बाहेर बोलावलं.

“तूच बस पाटावर,” त्या म्हणाल्या. “सवाष्ण तं हायेच. अन् नाव बी तेच, तिले थेट पोचते.”

ती बसली. पाच वर्षांत बसायला सांगितलं की बसायची सवय झाली होती. महाराजांनी संकल्प सांगितला, ‘मृत आकांक्षा’ असं गेलेल्या बाईचं नाव घेतलं, नितेशने पाणी सोडलं. पाणी प्यायला घरात आलेली अदिती ते ऐकून दारातच थांबली.

“आई,” तिने विचारलं, “महाराज तुले मेलेली काहून म्हणून राहिले?”

नितेशने पळी ताम्हनात ठेवली. जमुनाबाई नातीला बाहेर न्यायला उठल्या, तर ती हात सोडवून पाटाशी आली आणि आईचा दंड चाचपून पाहू लागली. तिची बोटं गार पडली होती. त्या बोटांच्या स्पर्शाने पौर्णिमाला इतका राग आला की तिलाच नवल वाटलं. स्वतःचं नाव गेलं तेव्हाही ती अशी पेटली नव्हती. त्या दुसऱ्या बाईला या लोकांनी धड मरूसुद्धा दिलं नव्हतं, आणि त्या कामाला आपला देह वापरला होता.

तिने नितेशकडे पाहिलं. “तांदळात तुमीच लिहिलं होतं. आता महाराजाले तुमीच सांगा, पाटावर कोण बसली हाय.”

नितेशने आईकडे पाहिलं. तो नेहमी तिकडेच पाही.

“बसाचं तं गुमान बस,” जमुनाबाई म्हणाल्या. “नाही तं तुह्या बापाले बोलावतो, जाय अकोल्याले. पोरगी इथंच राहीन.”

म्हणजे अदिती सुटणार. रात्री हिच्या कुशीशिवाय न झोपणारी पोर. पौर्णिमा पाटावरून उठली, आतल्या खोलीतल्या ट्रंकेतून फोटो काढून आणला आणि पाटावर ठेवला. महाराज यजमानाच्या तोंडाकडे बघत राहिले.

“ही तुही आई,” ती अदितीला म्हणाली. “हिचं नाव आकांक्षा. तू लहान होती तवा आजारानं गेली.”

“मंग तू?”

“मी पौर्णिमा. मी बी तुही आईच हाय.”

अदितीने फोटो उचलला, बराच वेळ पाहिला आणि भोकाड पसरलं. सहा वर्षांत त्या घरात आकांक्षासाठी मोठ्याने रडणारी ती पहिलीच.

जमुनाबाईंनी शब्द पाळला. संध्याकाळी खुशालराव आले. पौर्णिमा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि अदिती तिच्या पदराला धरून होती. खुशालरावांनी चपला काढता काढता हाक मारली, “आकांक्षा, चाल बाई.”

ती उठली नाही. त्यांनी पुन्हा तीच हाक मारली.

“आबा,” अदिती म्हणाली, “आकांक्षा तं मेली. हिचं नाव पौर्णिमा हाय, तुमाले माहीत नाही काय?”

खुशालराव उंबऱ्यातच उभे राहिले. ते नाव त्यांनीच ठेवलं होतं, आणि आता ते तोंडातून काढायला त्यांना फार वेळ लागला.