दोन दिवसांचा तर प्रश्न

"मेन बंद आहे. कोणी कशाला हात लावू नका," मेनकाकांनी मोठ्याने बजावलं. घरात ते एकटेच होते. पण चाळीस वर्षांची सवय, माणसं नसली म्हणून काय सुटते?

फ्रिजची घरघर थांबली. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन गप्प झाला. काकांनी खिशातला टेस्टर काढला. तो चालतो की नाही हे त्यांनी मेन बंद करायच्या आधीच दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहिलं होतं. मेलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवणाऱ्याला देवही वाचवत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आता त्यांनी भिंतीवरच्या सॉकेटला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग रबरी मुठीची पक्कड घेऊन ते गुडघ्यांवर बसले आणि सॉकेटमध्ये अडकलेली पिन हलक्या हाताने बाहेर ओढली.

लॅपटॉपच्या चार्जरची पिन होती ती. सकाळी झाडताना टेबल जरा सरकवलं, चार्जर टेबल आणि भिंतीच्या मधे चेपला आणि एक पिन मुळातून तुटली. चार्जर हातात आला, पिन भिंतीतच राहिली. दुसरा कोणी असता तर त्याने तिथल्या तिथे बोटांनी चिमटून ती काढली असती. कदाचित निघालीही असती, कदाचित तोही निघाला असता.

कारखान्यात त्यांना 'मेनस्विच' म्हणत. बल्ब बदलायचा असला तरी हा माणूस आधी मेन पाडणार, मग शिडी लावणार. साहेब लोक वैतागायचे, काम खोळंबायचं, पण याच्या हाताखालच्या माणसाला कधी साधा चटका बसला नाही. निवृत्तीनंतर नाव इमारतीत आलं आणि म्हातारपणाला शोभेसं मेनकाका झालं. त्यांना ते आवडायचं. आपल्याला लोक हसतात, पण विश्वासाने हसतात, हे त्यांना कळत होतं.

शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या घरी शिवणकाम करायच्या. त्यांचे यजमान कारखान्यात काकांच्याच बरोबर होते, म्हणून वहिनी आणि भाऊजी. चार्जर बघून त्यांनी सरळ सल्ला दिला, पिन परत बसवा, वरून टेप गुंडाळा, संध्याकाळपुरतं भागेल. काकांनी त्यांना उभ्या उभ्याच शिकवणी दिली. ढिली पिन तापते, तापली की प्लास्टिक वितळतं, आणि टेप म्हणजे जखमेवर नुसता रंगीत कागद. वायर वेगळी असती तर वायर बदलली असती, पण या चार्जरची पिन त्याच्या पोटातूनच निघालेली. तो उघडायचा नाही, बंद असला तरी आत वीज धरून बसलेला असतो. नवीन आणायचा, दुसरा उपाय नाही.

"तुमच्यापुढे बोलायची सोय नाही," वहिनी म्हणाल्या. "पण मग आज ताईंशी कसं बोलणार?"

प्रश्न तोच होता.

ताई काकांची थोरली बहीण. लहानपणी तापात तिचे कान गेले, आणि कान गेले तशी वाचाही गेली. शाळेत तिला कोणी घातलं नाही. मग या दोन भावंडांनी आपली आपणच एक भाषा तयार केली, हातांची आणि तोंडाची. मिशीला पीळ दिला की बाबा. गाल फुगवून डोळे वटारले की कारखाना, कारण भोंगा तसाच वाजतो असं तिला वाटायचं. नाक मुरडून कानामागे हात नेला की शेजारची भांडकुदळ बाई. ताई सासरी गेली तेव्हा ती भाषा तिच्याबरोबर गेली, पण तिथे बोलायला कोणी नव्हतं. मुलाला, सुनेला जेवण, औषध, अंघोळ, झोप एवढ्या खुणा यायच्या. घर चालायला तेवढ्या पुरत होत्या. बाकीच्या सगळ्या गोष्टी ती पोटात साठवायची आणि भाऊ वर्षातून एकदा भेटायला आला की त्याच्यापुढे ओतायची.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने आपला जुना लॅपटॉप मामाला दिला आणि तिकडे आईसमोर दुसरा मांडला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघं समोरासमोर बसायची. ताई केस नीट विंचरून बसायची. बोलणं सुरू व्हायच्या आधी काकांना दोन्ही हात पडद्यासमोर धरावे लागत, पुढून आणि मागून. विजेचं तिला फार भय. भाऊ वायरमन झाला तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणा ना. बोटं धड आहेत अशी खात्री पटली की मगच ती सुनेच्या चुगल्या सुरू करायची. बायको गेल्यानंतर काकांच्या दिवसात वाट बघण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि ते भरपूर होतं.

दुपारी ते दुकानात गेले. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच थकलेली, चार्जर काढला की तो डोळे मिटायचा. दुकानदाराने दुसराच एक चार्जर काढून दिला, तोंड बरोबर बसत होतं. काकांनी भिंगातून त्याच्या पाठीवरचे आकडे वाचले आणि परत केला.

"काका, चालतं सगळं," दुकानदार म्हणाला.

"चालतं तोवर चालतं," काका म्हणाले आणि योग्य आकड्यांचा मागवायला सांगून घरी आले. दोन दिवसांत येईल असं ठरलं.

संध्याकाळ झाली तसं त्यांना घर खायला उठलं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. बहिऱ्या बहिणीला फोनवर काय सांगणार? त्यांनी भाच्याला फोन करून चार्जर मोडल्याचं कळवलं आणि आईला समजावून सांग म्हणाले. भाचा गुणी होता. सांगतो म्हणाला.

इतक्यात वहिनी आपला मोबाइल घेऊनच आल्या. यावर चेहरे दिसतात, इथे बसूनच लावून देते, म्हणाल्या. शिवायला कपडे टाकलेल्या दोन बायका त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आल्या होत्या, मेनकाकांचं काय चाललंय ते बघायला. काकांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा त्या बायकांकडे. आपण गाल फुगवतोय, डोळे वटारतोय, नाक मुरडतोय आणि या तिघी तोंडाला पदर लावून हसतायत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. साऱ्या इमारतीत ज्याच्या शब्दाला मान, तो म्हातारा माकडचाळे करताना दिसणार. आणि हसं झालं असतं ते एकट्याचं नव्हे, ताईचंही झालं असतं.

"नको वहिनी. दोन दिवसांचा तर प्रश्न. तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?"

वहिनींनी आग्रह केला नाही. मोबाइल घेऊन त्या परत गेल्या. त्या बायकांना बाहेर थांबवून दार लोटून घ्या, एवढं म्हणायला काय हरकत होती? वहिनींनी आनंदाने ऐकलं असतं. पण माणसाला शहाणपण सुचतं ते नेहमी वेळ निघून गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आई बंद लॅपटॉपसमोर जाऊन बसली होती. सारखे हातवारे करत होती, जेवली नव्हती. काकांनी विचारलं, मी बरा आहे हे सांगितलंस का? सांगितलं मामा, समजलं तिला, भाचा म्हणाला. आता शांत झोपलीये. काकांना बरं वाटलं. उद्या चार्जर आला की तिला चांगलं दोन तास हसवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

सकाळी भाच्याचा पुन्हा फोन आला. ताई झोपेतच गेली होती.

काका मिळेल त्या बसने निघाले. खिडकीशी बसून बाहेर बघत होते, पण काही दिसत नव्हतं. वाटेत दुकानदाराचा फोन आला. "काका, आला बरं का तुमचा चार्जर. अगदी ओरिजिनल आहे. येताय ना?"

"ठेवा," काका म्हणाले. "येतो सवडीने."

ते पोचले तेव्हा ताईला अंगणात आणलं होतं. कोणीतरी तिचे हात छातीवर नीट जुळवून ठेवले होते. जन्मभर ज्या हातांना क्षणाची उसंत नव्हती ते हात इतके शिस्तीत बसलेले काकांना बघवले नाहीत. त्यांनी मान फिरवली.

सगळं उरकलं, आलेली माणसं पांगली. दुपार कलली तेव्हा मामा-भाचे ताईच्या खोलीत बसले होते. भाच्याचे डोळे सुजले होते. त्याने आईचा बंद लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मामा, एक विचारू? शेवटच्या दिवशी आई सारखं एकच काहीतरी करत होती. तुम्हालाच कळेल."

त्याने करून दाखवलं. अडाण्यासारखंच, पण जसं पाहिलं तसं. आधी मूठ वळवून मनगटाने स्क्रू पिळल्यासारखं केलं. मग बोटं एकदम ताठ करून अंग झटकलं. मग पालथा हात हळूच उताणा करून हनुवटी वर उचलली. एवढं झालं की पुन्हा पहिल्यापासून.

स्क्रू पिळणं म्हणजे ते स्वतः. ताईने त्यांना ठेवलेलं नाव. अंग झटकणं म्हणजे वीज. हात उताणा पडला म्हणजे माणूस संपला, आणि हनुवटी उचलली की तो प्रश्न. माझ्या भावाला करंट लागला का? माझा भाऊ गेला का?

"सारखं सारखं हेच?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर. माझ्यापुढे, हिच्यापुढे. आम्हाला काही उमगेना. समजत नाही असं खुणावलं तर जास्तच चिडायची." भाच्याने डोळे पुसले. "मग आम्ही आपलं हो हो म्हणून मान डोलावली. म्हटलं, तिचं समाधान होऊ दे. नेहमी तसंच करतो ना आम्ही."

"मग?"

"मग शांत झाली. माझ्याकडे एकटक बघत राहिली थोडा वेळ. नंतर भिंतीकडे तोंड करून झोपली, ती झोपलीच. मामा, काय म्हणत होती हो?"

ज्याने आयुष्यात एकाही वायरीला वेडावाकडा हात लावला नाही, तो माणूस विजेने मेला असं मानून त्याची बहीण गेली होती. भाऊ गेला, हे तिने पोटच्या मुलाकडून पक्कं करून घेतलं होतं. आणि हे सगळं कशासाठी? तर तीन बायकांनी आपल्याला हसू नये म्हणून. चार्जरच्या बाबतीत मेनकाका चुकले नव्हते. आजही त्यांनी त्याला टेप लावली नसती. पण वहिनींच्या हातातला तो मोबाइल काही केल्या त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. आपल्याला आपल्याच ताईची लाज वाटली, हे त्यांना आता स्वच्छ कळलं.

समोर भाचा वाट बघत होता. आईने शेवटचं काय मागितलं आणि आपण ते दिलं की नाही, एवढंच त्याला हवं होतं. या घरात आता ती भाषा दुसऱ्या कोणाला येत नव्हती. या घरातच काय, जगात येत नव्हती.

"मामा काम उरकून येतो ना, असं विचारत होती," काका म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात. बरोबर सांगितलंत तुम्ही."

भाच्याने सुस्कारा सोडला आणि मग लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण हे खोटं जड गेलं नाही. जड गेलं ते त्याखालचं खरं, आणि ते त्यांनी आपल्याकडेच ठेवलं.

थोड्या वेळाने सूनबाई ताट घेऊन दारात आली. मामांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिने हळूच विचारलं, वाढू का थोडंसं? काकांनी मान वर केली आणि त्यांचा उजवा हात आपसूक उठला, चिमूट दाखवावी तशी बोटं एकमेकांना टेकली, दोनदा हलली. सूनबाई ताट धरून तशीच उभी राहिली, त्यांच्या हाताकडे गोंधळून बघत. मग काही न सुचून तिने मान डोलावली.

काकांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"अगदी थोडं वाढ," ते म्हणाले.