वयाचा दाखला

"अंदाजे म्हणजे काय? अंदाजे सरकारात चालत नाही," तहसील कचेरीतले कारकून वामनराव म्हणाले आणि त्यांनी अर्ज जाळीतून परत बाहेर सरकवला.

"तापीले मोठा पूर आला न साहेब, त्या साली झाली पोरगी. बारा-तेराची असंन," तुकईथडचा चुडामण अजिजीनं म्हणाला.

"पूर काय, एक वर्षाआड येतो तापीला. कोणता धरू?"

चुडामणच्या मागे त्याची विमल उभी होती. तिच्या पायात बैलाची साखळी होती आणि साखळीच्या कडीखाली जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, कातडं सोलवटू नये म्हणून. ती तिच्या आईनं, मालूबाईनं, बांधली होती. धाकटा भाऊ डोळ्यांदेखत विहिरीत बुडाला त्या दिवसापासून पोरगी एक शब्द बोलली नव्हती, आणि मोकळी सुटली की विहिरीकडेच धावायची. भगत झाला, उतारे झाले, चार गावांचे धागे मनगटावर झाले. शेवटी बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. 'हिला वेड लागलेले नाही, धक्का बसला आहे. नागपूरला अशा मुलांसाठी डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे ठेवल्यास बरी होईल.' चिठ्ठीसोबत तहसिलीचा अर्ज हवा होता. चौदाच्या आतलं मूल असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडे, वरचं असेल तर मोठ्या बायकांच्या कोठड्यांत. म्हणून वयाचा रकाना.

पोरगी चौदाची झालेली नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वामनरावांना तर चष्मा होता. पण सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकही कागद चुकीसाठी वरून परत आलेला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना एवढा अभिमान होता की लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या आळीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो तोंडपाठ झाला होता. "गावच्या कोटवाराच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली नोंद आण," ते म्हणाले. "मग बघ, एका दिवसात अर्ज पाठवतो."

हा छप्पन्न सालचा सप्टेंबर होता.

ऑक्टोबरात चुडामण एकटाच आला. तुकईथडचा कोटवार उखर्डू याची वही तपासणीसाठी ठाण्यात जमा होती. "साहेब, तेवढं लिवून टाका ना. पोरगी रातभर साखळी ओढते. तिची माय झोपत नई." वामनरावांना वाईट वाटलं. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी चुडामणला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. अर्ज मात्र घेतला नाही.

दिवाळी झाल्यावर नोंद आली. तीन जून चव्वेचाळीस. वामनरावांनी बोटांवर हिशेब केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बारा वर्षे पाच महिने'. अर्ज त्याच दिवशी डाकेत पडला. दिला शब्द त्यांनी पाळला.

पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. वर लाल शाईत एक ओळ होती. 'अर्जदार परराज्यातील. आपल्या राज्यातील रुग्णालयाकडे पाठवावे.' एक नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात राहिलं. कचेरीत महिनाभर याच गप्पा चालल्या होत्या. वामनराव स्वतः त्यात हिरिरीनं भाग घेत होते. त्या गप्पांचा आणि साखळीतल्या पोरीचा काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ऑक्टोबर संपायच्या आत दाखल झालेल्या मुलांना तिथेच ठेवून घेतलं होतं. पाकीट हातात घेऊन वामनराव दुपारभर बसून राहिले.

मग मात्र त्यांनी जिवाचं रान केलं. इंदूरला लिहिलं, भोपाळला लिहिलं, सोडून दिलेलं हिंदी पुन्हा गिरवून लिहिलं. लहान मुलांचा असा डॉक्टर नव्या राज्यात कुठे आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एका उत्तरात होतं, 'मामला विचाराधीन है.' जानेवारीत कुठूनतरी नवा छापील हिंदी फॉर्म आला. त्यावर बापाचा अंगठा हवा होता. एरवी त्यांनी चुडामणला निरोप धाडून बोलावून घेतलं असतं. या वेळी संक्रांतीच्या सुटीला फॉर्म आणि शाईची डबी घेऊन ते स्वतः तुकईथडला गेले.

चुडामणच्या दारात माणसं गोळा झालेली होती. सणाचं न्हाऊ घालायचं म्हणून मालूबाईनं सकाळी साखळी काढली होती. ऊन पाणी आणायला ती चुलीकडे वळली, तेवढ्यात.

"सणाच्या दिशी तरी पोरीच्या पायात बेडी नको म्हटलं वो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. साखळी खुंटापाशी पडली होती. चिंधी तिला तशीच होती. फॉर्म वामनरावांनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ढकलला.

विहिरीतून काढलेल्या विमलला ओट्यावर निजवलं होतं. कोटवार उखर्डू वही उघडून मांडी घालून बसला होता. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आणि पेन्सिल थांबली.

"वय काय लिवू, चुडामण?"

चुडामणनं मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वामनरावांना सोसेना.

"साहेबायले पुस," तो म्हणाला. "त्यायले बराबर मालूम हाये."

वामनरावांना मालूम होतं. बारा वर्षं, सात महिने, अकरा दिवस. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"लिही," ते म्हणाले, "अंदाजे बारा."

उखर्डूनं पेन्सिल उचलली नाही. "अंदाजे चालते का, साहेब?"

"चालतं," वामनराव म्हणाले आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले.