पंप बंद करू नये

दर नववर्षाला उसामी तळघरातल्या पंपासमोर मोचीचे, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे, दोन गोळे रचायचा, वर एक संत्रं ठेवायचा आणि हात जोडायचा. एकोणीस वर्षं. इमारतीतल्या एकाही भाडेकरूला त्याने इतका मान दिला नव्हता. पण पंपानेही कधी वरचा मजला गरम होतो म्हणून तक्रार केली नव्हती.

टोकियोत, योत्सुयाच्या उतारावर, नऊ मजल्यांची मिनेगिशी बिल्डिंग होती. उसामी तिचा व्यवस्थापक, चौथा. तळमजल्यावर जिन्याखालची खोली त्याची, आणि नवव्या मजल्यावर मालकीण मिनेगिशीबाई, वय अठ्ठ्याहत्तर. मधले सगळे भाडेकरू.

वॉर्ड ऑफिसने नवा नियम काढला होता. इमारत वर्षाला किती वीज खाते ते मोजायचं आणि त्याप्रमाणे दारावर हिरव्या पानांचं स्टिकर लावायचं. पाच पानं म्हणजे उत्तम. मिनेगिशी बिल्डिंगला शून्य पानं मिळायची चिन्हं होती. शून्य पानांचंही स्टिकर होतं. त्यावर नुसती फांदी होती.

तिसऱ्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत श्रवणयंत्रांची एक कंपनी होती. तिच्या मुख्य कचेरीने कळवलं होतं, की फांदीच्या इमारतीत आपण राहायचं नाही. चार मजले रिकामे झाले की बाई इमारत विकणार, घेणारा ती पाडणार, आणि उसामी त्रेसष्टाव्या वर्षी आपली चटई गुंडाळून बाहेर पडणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

उपाय नव्हते असं नाही. दिवे आणि वातानुकूलन बदलायचं तर खर्च मालकिणीचा आणि बिल कमी होणार भाडेकरूचं. त्यामुळे बाई म्हणायच्या, "आधी तुम्ही," आणि कंपनीचा शाखाप्रमुख कासुगा म्हणायचा, "छे छे, मालकीणबाई, आधी तुम्ही." तीन वर्षं दोघं एकमेकांना कमरेतून वाकून दाखवत होते. त्या वाकण्याला वीज लागत नव्हती, एवढीच काय ती बचत.

शेवटी सगळ्यांनी मिळून काटकसर केली. थंडावा अठ्ठावीस अंशांवर आणला. टाय उतरले. लिफ्ट सम तारखेला बंद. कासुगाने तर नमुन्याची श्रवणयंत्रंसुद्धा बंद करून ठेवली, त्यामुळे गिऱ्हाइकांना आपल्याला नीट ऐकू येतं असं वाटेना आणि विक्री वाढली. पण आकडा तसूभरही हलला नाही.

ऑगस्टातल्या एका दुपारी वॉर्ड ऑफिसातून तपासणीला नागुमो नावाची मुलगी आली. सव्वीस वर्षांची, हातात फॉर्मचा गठ्ठा, आणि कपाळावर घाम असूनही चेहरा कोरडा.

"उसामीसान, भाडेकरूंचं सगळं व्यवस्थित आहे," ती म्हणाली. "पण मालकिणीच्या मीटरवर दिवसरात्र काहीतरी चालू आहे. काय आहे ते?"

"तो पंप."

"कशाचा?"

"तळघरातल्या खड्ड्यातलं पाणी गटारात टाकतो."

"बंद केला तर?"

उसामीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने बाईंना बंद करायचं विचारलं होतं. "तो बंद करत नाहीत."

"का?"

"तिथे लिहिलंय."

मग सगळे खाली गेले. उसामी पुढे, त्याच्यामागे नागुमो, तिच्यामागे बाई ("माझ्या घरात काय बंद होतंय ते मी बघणार") आणि कासुगा, कारण त्या दिवशी सम तारीख होती आणि तो जिन्यातच होता.

पंपावरच्या भिंतीवर उसामीने स्वतः केलेली, प्लॅस्टिकमध्ये घातलेली पाटी होती: 'हा पंप कोणत्याही परिस्थितीत, कोणीही, कधीही बंद करू नये.' खाली हेल्मेट घातलेला, वाकून माफी मागणारा माणूस काढलेला.

"कोणी सांगितलं होतं?" नागुमोने विचारलं.

"माझ्या आधीच्याने लिहून ठेवलं होतं. त्याचं अक्षर वाईट होतं म्हणून मी नवीन केलं."

"त्याचा कागद कुठाय?"

"खालीच आहे. काढून टाकणं बरं दिसत नाही."

नागुमोने पाटीचे स्क्रू काढले. खाली पिवळा कागद: 'पंप कधीही बंद करू नये.' तो नखाने सोडवला. त्याखाली आणखी जुना: 'पंप बंद करू नये.' आणि त्याच्याही खाली पेन्सिलीने खरडलेली चिठ्ठी. ती तिने मोठ्याने वाचली.

"'९ जून १९७३. भिंतीला रंग चालू आहे. आज चार वाजेपर्यंत पंप बंद करू नये.'"

सगळ्यांनी पंपाकडे पाहिलं. तो इमानेइतबारे बोलत होता.

"चार वाजले असतील आता," बाई म्हणाल्या.

"बाई, पाणी चढलं तर?" उसामीने विचारलं. "विजेची पेटी बुडेल. अख्खी इमारत अंधारात जाईल. फांदीसुद्धा मिळणार नाही आपल्याला."

"नाहीतर डिसेंबरात फांदी ठरलेलीच आहे," नागुमो म्हणाली. "बंद करा की करू नका, ते मी सांगू शकत नाही. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही."

"उसामी," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच करा. तुमचं त्याच्याशी जास्त आहे."

उसामी पंपापुढे वाकला. नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग त्याने खटका खाली केला.

आधी शांतता आली. पन्नास वर्षं इमारतीच्या पायात घुमणारा तो आवाज गेला, आणि तो होता हे तेव्हाच कळलं. वर कुठेतरी दारं उघडली; कंपनीची माणसं जिन्यात येऊन एकमेकांना विचारू लागली, काय झालं म्हणून.

उसामीने लोखंडी झाकण ओढलं, टॉर्च मारला. खड्ड्यात पाणी चढत होतं. गढूळ, गटाराचं पाणी असेल असं त्याला एकोणीस वर्षं वाटत आलं होतं. ते काचेसारखं होतं. तळाची वाळू दिसत होती, आणि पाणी त्या वाळूतूनच, बोट लावून उचलावी तशी एकेक कणी उचलत, वर येत होतं. त्यातून सुटलेला गारवा घोट्यांना लागला, मग गुडघ्यांना. पाणी काठावरून फरशीवर आलं, बाकीचे जिन्यावर सरकले; खालची पहिली पायरी बुडाली. दुसरी बुडाली. पेटी चौथ्या पायरीच्या रेषेत होती. उसामीचा हात आपोआप खटक्याकडे गेला. त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

तिसऱ्या पायरीला टेकून पाणी थांबलं.

थांबलं म्हणजे, वळलं. समोरच्या भिंतीत काळ्या दगडांची एक कमान होती, जिला उसामी आजवर रंगाचा डाग समजत होता. पाणी त्या कमानीत शिरलं, किंचित खळखळलं, आणि बाहेरच्या रस्त्याखाली कुठेतरी अंधारात निघून गेलं. त्याला वाट कोणी दाखवली नाही. त्याने विचारलीही नाही.

"रस्ता करताना झाकलेली नदी," नागुमो म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "जुन्या नकाशात आहे. मला वाटायचं, मेली."

कासुगा पायरीवर गुडघे टेकून बसला. आयुष्यभर लोकांना ऐकू यावं म्हणून धडपडलेला तो माणूस डोळे मिटून कान देऊन राहिला. "हे... हे रोज होतं इथे?"

"रोज," उसामी म्हणाला. "आम्हीच मध्ये बोलत होतो."

त्याने पाण्यात हात घातला. बाहेर सदतीस अंश होते, आणि हे पाणी पहाटेसारखं गार. त्याला एकदम मोची आठवली, संत्रं आठवलं. नमस्कार चुकीच्या जागी नव्हता, फक्त दोन हात अलीकडे होता.

डिसेंबरात मिनेगिशी बिल्डिंगला दोन पानं मिळाली. कंपनी राहिली. पण त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच दिवसापासून, जेवणाच्या सुट्टीत चारही मजल्यांची माणसं डबे घेऊन तळघराच्या पायऱ्यांवर येऊन बसू लागली. जेवता जेवता पाणी ऐकत. उसामीने एक नवी पाटी लिहायला घेतली होती. पण काय लिहावं ते सुचेना, म्हणून ती कोरीच लावली.

एक दिवस कासुगा बाईंपुढे वाकला. "मालकीणबाई, हे तळघर आम्हाला भाड्याने मिळेल का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "तिथे भाडेकरू आहे."

"कधीपासून?"

बाईंनी उसामीकडे पाहिलं. उसामीने पाण्याकडे.

"आपण यायच्या आधीपासून," तो म्हणाला.