भिंगरी आत्याकडे राहते

भिंगरीने घरी सांगितलं ते जेवताना. वडील प्रार्थनाघराचे प्रमुख, आई तिथल्या बायकांच्या गटात, आणि ती स्वतः लहानपणापासून गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत. ती म्हणाली, "बाबा, माझा विश्वास उरलेला नाही. यापुढे मी प्रार्थनेला येणार नाही."

वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. आधी समजावून पाहिलं, मग वडीलधारी माणसं बोलावली, मग बोलणंच बंद केलं. शेवटी तिचे कपडे दोन पिशव्यांत भरून दाराबाहेर आले. प्रार्थनाघराच्या शाळेत ती शिकवायची, ती नोकरीही गेली. बरोबर वाढलेल्या मैत्रिणी रस्त्यात दिसल्या की मोबाईलमध्ये डोकं घालायच्या.

तिला घरात घेतलं आत्याने. वडिलांची ही थोरली बहीण एकटीच राहायची. खाली सोफे दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. गंमत म्हणजे आत्या स्वतः पक्की श्रद्धाळू. एक प्रार्थना चुकवायची नाही.

"आत्या, मी का आलेय ते माहितीये ना तुला?" भिंगरीने दारातच विचारलं.

"अख्ख्या गल्लीला माहितीये. आत ये. आणि जेवलीस का ते सांग, बाकीचं नंतर."

भिंगरी जेवली नव्हती. जेवता जेवता रडली, आणि आत्या वाढत राहिली.

सकाळी आत्या मोठ्याने प्रार्थना करायची. ते शब्द कानावर पडले की भिंगरी हातातलं टाकून उठायची. विश्वास गेला होता, पण भीती काही गेली नव्हती. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. एकदा आत्याने दार ठोठावलं.

"अगं, टाकी रिकामी करणार आहेस का?"

"तुझा आवाज ऐकू येऊ नये म्हणून सोडते गं."

"मग आधी नाही का सांगायचं? उद्यापासून मी मनातल्या मनात म्हणेन. देव काही बहिरा नाही."

दुकानात भिंगरी हळूहळू हाताशी आली. जुनं रेक्झिन सोलून काढायचं, स्प्रिंगा तपासायच्या, नवा फोम कापायचा. पहिली खुर्ची तिने अशी शिवली की बसणारा एका बाजूला कलंडावा. आत्याने त्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि पोट धरून हसली. "ही तुझ्या बापाला पाठवू या. ताठ बसायची खोड जाईल." घर सोडल्यापासून त्या दिवशी भिंगरी पहिल्यांदा खळखळून हसली.

मग प्रार्थनाघरातून दोन जण आले. मुलीला घराबाहेर काढलं नाही, तर प्रार्थनाघरातल्या खुर्च्यांच्या गाद्यांचं तुमच्याकडचं काम दुसऱ्याला देऊ, म्हणाले.

"खुशाल द्या," आत्या म्हणाली. "फक्त फोम चांगला घालायला सांगा. तुमची प्रवचनं लांबतात."

ते गेल्यावर मात्र ती बराच वेळ कात्रीला धार लावत राहिली. धार केव्हाच लागली होती.

"आत्या, हल्ली प्रार्थनेला तुझ्या शेजारी कोण बसतं?" भिंगरीने हळूच विचारलं.

"कोणी नाही. पाय पसरता येतात."

"मी दुसरीकडे जाते. माझ्यापायी तुला कशाला..."

"गप्प बस. पाय दुखतातच माझे."

एका आरामखुर्चीच्या निमित्ताने एक निवृत्त नर्सबाई दुकानात यायच्या. भिंगरीची हकिगत कळल्यावर म्हणाल्या, "मीही तरुणपणी असंच सोडलं होतं. आम्ही काही जण वाचनालयाच्या वरच्या खोलीत भेटतो. ये एकदा." भिंगरीला एकटीने जायचा धीर होईना. तेव्हा आत्याने शाल घेतली आणि निघाली बरोबर.

खोलीत सगळे आपापली ओळख करून देत होते. आत्याची पाळी आली.

"माझा देवावर पूर्ण विश्वास आहे," ती म्हणाली. सगळे चपापले. "पण ही माझी भाची आहे, आणि तुमचा चहा बरा दिसतो. चालत असेल तर बसते."

सगळी खोली हसली. मग एक रंगारी बोलला. घरच्यांनी दार बंद केलं तेव्हापासून तो मित्राच्या गॅरेजमध्ये झोपत होता. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच भिंगरी नकळत म्हणाली, "मला कळतंय हो. मला अजून भीती वाटते." तेवढ्यानेही त्याला बरं वाटलेलं दिसलं.

निघताना आत्याने त्याला गाठलं. "दुकानात झोपायला ये. सोफे भरपूर आहेत, फक्त सगळे दुसऱ्यांचे आहेत, तेव्हा पाय धुऊन झोप." तो आला, आणि खोली मिळेपर्यंत राहिला. त्याच्यानंतर आणखी कोणी कोणी येत गेलं. सकाळचा चहा आता भिंगरी करायची, आणि रडणाऱ्याला आधी जेवायला वाढायचं, हे तिला शिकवावं लागलं नाही.

आई पहिल्यांदा आली तेव्हा भिंगरी जमिनीवर बसून टाके उसवत होती. दोघींनी नुसते हात धरले. मग आई दर आठवड्याला यायला लागली. वडीलच तिला गाडीने सोडायचे, आणि समोरच्या फुटपाथला गाडी लावून, तोंड फिरवून आत बसून राहायचे.

एकदा आत्या कप घेऊन तडक गाडीपाशी गेली. काच वाजवली.

"आत येऊ नकोस, तुझं तत्त्व मोडेल. पण चहा घे. एवढासा होतास तेव्हापासून मीच पाजतेय."

त्यांनी घेतला. बऱ्याच वेळाने विचारलं, "जेवते ना ती नीट?"

"मला काय विचारतोस? तिला तोंड आहे." आणि आत्याने रस्त्यातूनच हाक मारली, "भिंगरेऽ, बाहेर ये!"

भिंगरी हाताला लागलेला फोमचा भुगा झटकत आली आणि गाडीपासून थोडं अंतर ठेवून उभी राहिली. वडिलांनी एवढ्या दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"बारीक झालीस."

"नाही हो, बाबा. उलट वजन वाढलंय. आत्या ऐकते का कुणाचं?"

वडील हसले नाहीत. प्रार्थनाघराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. त्यांनी रिकामा कप तिच्या हातात दिला. "पुढच्या वेळी साखर कमी घाल म्हणावं तिला," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"मीच करेन," भिंगरी म्हणाली.