नाल्याच्या अलीकडे

“साप चावला तर काय करायचं?” रंजीता कुमरेनं विचारलं.

सुगंधाबाई सुपातल्या मोहफुलांतून काड्या वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हात-पाय हालवू द्याचा नाई. कापाचं नाई, आवळून बांधाचं नाई. मंतर मारनाऱ्या पुजाऱ्याची वाट पाहाची नाई. शिद्दा दवाखाना.”

रंजीतानं फॉर्मवर पाचही खुणा केल्या. ती विद्यापीठात आरोग्य शिक्षण शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिनं या गावात सापाबद्दल माहिती दिली होती. त्यातलं लोकांच्या किती लक्षात राहिलं, हे आता ती घरोघरी जाऊन तपासत होती. सगळं बरोबर सांगणारं हे पहिलंच घर.

“कुठून शिकलात?”

“तुमीच तं सांगतलं होतं. मी पुढंच बसली होती.”

रंजीताला बरं वाटलं. वर्गातली मुलं परीक्षेपुरतं ऐकायची, आणि खोलीवर तर बोलायला कुणीच नव्हतं. इथं मात्र तिचा शब्दन्‌शब्द कुणीतरी जपून ठेवला होता.

“घरात कुणाला चावला होता?” तिनं पुढचा प्रश्न वाचला.

“आमच्या मालकाले.” सुगंधाबाईंचा हात थांबला. “मागच्या भादव्यात. बाजेवर टाकून नेलं, तं नाला भरून. अलीकडंच बसून राह्यलो. लोक म्हणत, पुजाऱ्याले बलाव. मी नाई बलावू देल्लं. पाणी उतरलं तवा जीव नोता.”

रंजीतानं पेन फॉर्मवर आडवा ठेवला.

“तवापासून कोणी बोलत नाई मायाशी.” सुगंधाबाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. “मी बरोबर केलं ना, बाई?”

“बरोबरच केलंत.”

ते खरंच होतं. पण नाल्याबद्दल रंजीता दोन वर्षांपूर्वी एक अक्षरही बोलली नव्हती. नाला आडवा आला तर काय करायचं, हे तिला आजही ठाऊक नव्हतं.

सुगंधाबाई पाण्याचा गुंड घेऊन बोरिंगच्या हातपंपावर निघाल्या. रंजीता त्यांच्या मागोमाग गेली. त्यांना पाहून तिथल्या तीन बायांचं बोलणं बंद पडलं. रंजीतानं बोरिंगचा दांडा धरला.

“पुजाऱ्याला बोलावू नका, हे मी सांगितलं होतं,” ती मोठ्यानं म्हणाली. “यांची काही चूक नाही. नाल्यापलीकडं कसं न्यायचं, ते मीच सांगितलं नव्हतं.”

“मंतरानं मरतेवेळी त्याचा जीव तरी शांत झाला असता,” एक म्हातारी म्हणाली आणि गुंड उचलून निघाली. बाकीच्या दोघीही तिच्यामागे गेल्या.

रंजीता दांडा मारत राहिली. गुंड काठोकाठ भरला.

सुगंधाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली. “गुंड चढवाले हात लावता का, बाई?” त्या म्हणाल्या. “एकटीले उचलत नाई, रोज अर्धाच नेतो मी.”