आप्पांची घोरी

माझे सासरे सिद्धप्पा यांचा पोटच्या पोरांपेक्षा ताटलीवर जास्त जीव. शेवाळी रंगाची, जाडजूड, चिनी मातीची ताटली. घरात तिला घोरी म्हणतात. चीनहून जहाजानं दाभोळला उतरली, आदिलशाहीत विजापूरला गेली आणि तिथून त्यांच्या पणजोबांबरोबर सोलापूरला आली, असं आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत. अन्नात विष असलं की घोरी तडकते, म्हणून राजेलोक तिच्यात जेवत. आप्पाही तिच्यातच जेवत. ती अजून अखंड आहे म्हणजे घरात कुणाच्या मनात पाप नाही, हा त्यांचा हिशेब. मला हसू यायचं. आता येत नाही.

या उन्हाळ्यात नणंद दानम्मा माहेरपणाला आली. आप्पांना गार आवडतं म्हणून तिनं दहीभात घोरीतच कालवून फ्रीजमध्ये ठेवला. जेवताना आप्पांनी अर्धा भात खाल्ला आणि मला म्हणाले, "जरा आमटी वाढ की." मी गॅसवरची उकळती आमटी ओतली. टणकन आवाज झाला आणि घोरीचे दोन तुकडे झाले.

माझ्या नवऱ्यानं, नंदीशनं, उचललेला घास ताटात परत ठेवला.

"गारढोण ताटलीत उकळतं पडलं, तडकणारच," मी म्हणाले. "काचेचा ग्लासही तडकतो."

"घोरी काच न्हाय," आप्पा म्हणाले.

दानम्मा माझ्याकडे न बघता म्हणाली, "फ्रीजमधनं काडून लई येळ झाला हुता." धडधडीत खोटं. पण ते सगळ्यांना सोयीचं होतं.

झटका येऊन गेल्यापासून आप्पांना हृदयाच्या गोळ्या मी देते. घोरी तडकली त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातची गोळी घेतली नाही. नंदीशनं दिली तरी ओठ मिटलेले. पाकीट माझ्याच कपाटातलं ना. त्यानं नवं पाकीट आणलं, तर म्हणाले, "पाणी तर तिनंच भरलं असंल." दानम्मा शेजारून जेवण आणून त्यांना भरवायची. मी चिडून त्यांच्यासमोर अर्धी गोळी खाल्ली. ते शांतपणे म्हणाले, "कुठली खायाची ते तुला ठावं हाय."

त्यांचे पाय सुजलेत. चार पावलं चालले तरी धाप लागते. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की कॉट धरून बसतात. मला त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त भीती वाटते. ते गोळ्यांवाचून गेले, तरी घोरी खरी ठरणार आणि मी मारेकरी.

काल दानम्मा अक्कलकोटला परत निघाली. दारात ती नंदीशला हळूच म्हणाली, "तुकडं टाकू नगो. पुढं कुणी इचारलं तर दाकवाया लागतील."

मला वाटलं, तो तिला झापेल. त्यानं फक्त मान हलवली.

आज सकाळी मी त्याच्यापुढे चहा ठेवला. "ऑफिसात घेतो," म्हणून तो गेला. मी कप उचलून त्याच्या जागेवर बसले आणि सगळा चहा पिऊन टाकला. आप्पा आत कॉटवर होते, बघायला इथं कुणी नव्हतं.